मीराबेनची भिंत

मे महिन्यात वाशीममधल्या एखाद्या सिमेंटच्या घरात रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहावा. सूर्य मावळून चार तास होऊन गेलेले असतात. अंगणात झुळूक सुरू झालेली असते, पण भिंत अजून तापलेलीच असते. दिवसभर प्यालेले ऊन ती आता खोलीत ओतत असते. त्या खोलीत पडलेल्या सत्तरीच्या माणसाचे शरीर रात्रभर घाम गाळत राहते आणि सकाळी तो थकूनच उठतो. असे चार-सहा दिवस ओळीने गेले की एखाद्या दुपारी त्याचे बोलणे असंबद्ध होते, अंग चटका बसावा इतके तापते आणि घरचे लोक त्याला ऑटोत घालून दवाखान्यात आणतात. तो उन्हात गेलाच नव्हता, असे ते पुन्हा पुन्हा सांगतात. ते खरेही असते.

शेतात राबताना लागणारे ऊन सगळ्यांना ठाऊक आहे. घरात बसून लागणारे ऊन मात्र सहज लक्षात येत नाही. म्हातारी माणसे, तान्ही बाळे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे लोक यांना या दुसऱ्या प्रकाराचा धोका जास्त. २००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जास्तीचे मृत्यू झाले. त्यांत मोठा भरणा वृद्धांचा होता आणि कित्येक जण आपापल्या घरात गेले. भिंत किती उष्णता आत येऊ देते, हा म्हणूनच गवंड्याइतकाच डॉक्टरचाही विषय आहे.

वाशीमहून पूर्वेला निघाले की मध्ये यवतमाळ जिल्हा आणि पुढे वर्धा. तिथल्या एका खेड्यात १९३६ पासून या प्रश्नाला माती, बांबू आणि सावलीने उत्तर दिले गेले. ते उत्तर उभे करणारी बाई विदर्भातली नव्हती, हिंदुस्थानातलीही नव्हती. ती ब्रिटिश आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी होती.

मॅडलिन स्लेडचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा. वडील एडमंड स्लेड आरमारी नोकरीमुळे बहुधा घराबाहेर असत. मुलीचे बालपण आजोळी, सरे परगण्यातल्या मोठ्या वाडीवर गेले. घोडे, झाडे आणि मोकळे रान हे तिचे सवंगडी. वडिलांची नेमणूक ईस्ट इंडीज आरमाराच्या प्रमुखपदी झाली तेव्हा ती ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर मुंबईत दोनेक वर्षे राहून गेली. मेजवान्या आणि नाचगाणी यांत तिचा जीव रमला नाही, आणि खरा हिंदुस्थान त्या वर्तुळात तिला दिसलाही नाही.

तिचे पहिले वेड बेथोव्हनचे. त्या वेडापायी ती रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकाला भेटायला गेली, कारण त्याने बेथोव्हनवर लिहिले होते. रोलाँचे गांधींवरचे छोटे पुस्तक १९२४ मध्ये आले. ते तिने एका दिवसात वाचून काढले आणि आपण कुठे जायचे हे तिला कळून चुकले. पण ती लगेच निघाली नाही. वर्षभर तिने तयारी केली: मांसाहार सोडला, सूत कातायला शिकली, मांडी घालून बसण्याचा आणि जमिनीवर झोपण्याचा सराव केला, उर्दूचे धडे गिरवले. या तयारीत एक गोष्ट बसत नव्हती. उन्हाची तालीम लंडनमध्ये करता येत नाही. शरीर उष्णतेला सरावायला दहा-पंधरा दिवस प्रत्यक्ष उष्णतेतच काढावे लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते, हृदयावरचा ताण उतरतो. आणि हा सराव कायमचा नसतो. थंड जागी काही आठवडे काढले की तो ओसरतो.

नोव्हेंबर १९२५ मध्ये ती मुंबईत उतरली आणि दुसऱ्या दिवशी साबरमतीला पोचली. गांधींनी तिचे नाव मीरा ठेवले. पुढे केस उतरवून, खादीची पांढरी साडी नेसून मीराबेन आश्रमातले संडास साफ करू लागल्या, पिंजण-कताई करू लागल्या. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधी लंडनला गेले तेव्हा त्या बरोबर होत्या. परतल्यावर तुरुंगवास झाला. हा सगळा भाग प्रसिद्ध आहे. पुढचा, घरे बांधण्याचा भाग तेवढा सांगितला जात नाही.

गांधी १९३४ नंतर वर्ध्याला राहू लागले. शहराजवळच्या सिंदी खेड्यात मीराबेन सफाईचे काम करत. गल्लीबोळांतली विष्ठा उचलायची आणि मातीखाली गाडायची, हे ते काम. तिथून पुढे त्या शेगावला राहायला गेल्या. हे शेगाव म्हणजे गजानन महाराजांचे नव्हे. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या या खेड्याचे नाव याच घोटाळ्यामुळे १९४० मध्ये बदलून सेवाग्राम केले गेले. वस्ती सुमारे सहाशे, बहुतेक दलित. धड रस्ता नाही, टपाल कचेरी नाही, दवाखाना नाही.

३० एप्रिल १९३६ ला गांधी चालत शेगावला आले. वय ६६, आणि आदल्याच डिसेंबरात रक्तदाब वाढून ते अंथरुणाला खिळले होते. अशा माणसाला आजचा कोणताही डॉक्टर वर्ध्याच्या मे महिन्यात खेड्यात राहू देणार नाही. उष्णतेत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने रक्तातले पाणी घटते आणि तेवढेच रक्त सगळीकडे पोचवायला हृदयाला जास्त धावावे लागते. गांधींनी तो उन्हाळा नंदी हिल्सच्या थंड हवेत काढला आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते शेगावला परतले. तोवर तिथे त्यांच्यासाठी घर उभे राहायचे होते.

अटी कडक होत्या. सामान जवळपासच्या टापूत मिळणारे हवे, हात गावातल्या माणसांचे हवेत आणि खर्च पाचशे रुपयांपलीकडे जाता कामा नये. मीराबेन आणि आश्रमवासी बलवंतसिंह यांनी हे काम अंगावर घेतले. त्यातून आदी निवास उभा राहिला. एकच मोठी खोली, तिच्यात गांधी, कस्तुरबा, सहकारी आणि येणारे पाहुणे असे सगळेच राहत. पुढे मीराबेननी स्वतःसाठी एक लहान कुटी बांधली. आज बापू कुटी म्हणून जी दाखवतात ती मुळात हीच. आदी निवासातली गर्दी गांधींच्या प्रकृतीला झेपेना, तेव्हा त्यांना शांत जागा म्हणून ही कुटी दिली गेली आणि गरजेप्रमाणे थोडी वाढवली.

या कुटीत दिमाखदार असे काही नाही. मातीच्या भिंती, लाकडी खांब, बांबू, वर कवेलूचे उतरते छप्पर, बाहेरून ओसरी, आत शेणामातीने सारवलेली जमीन. दार ठेंगणे. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे, मोर, चरखा आणि ओम्, ही मीराबेनच्या हातची कारागिरी. पाहणारे बहुधा साधेपणाचे कौतुक करून निघतात. डॉक्टरच्या किंवा अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर ती कुटी उष्णता अडवण्याचे एक यंत्र आहे.

त्या यंत्राचा पहिला भाग भिंतही नाही, ओसरी आहे. उतरत्या छपराखालच्या ओसरीमुळे मधल्या वेळचे ऊन भिंतीला थेट शिवतच नाही. न तापलेली भिंत निववावी लागत नाही. दुसरा भाग कवेलू. त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पत्र्याखाली हे होत नाही. तापलेला पत्रा खाली झोपलेल्या माणसावर चुलीसारखी आच टाकतो. तिसरा भाग माती. मातीतून उष्णता हळू चालते, आणि चालता चालता मातीच ती साठवून घेते. वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटांच्या असत. दुपारची आच अशा भिंतीतून आत यायला साधारण दहा-बारा तास घेते, म्हणजे ती पोचते तेव्हा बाहेर पहाट झालेली असते आणि दारे-खिडक्या उघडून ती घालवता येते. नऊ इंची विटेच्या भिंतीत हा उशीर सहा-सात तासांचा. चार-पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबमध्ये तो तीन-चार तासांवर येतो. म्हणजे दुपारी तीनची आग नेमकी जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी डोक्यावर येते. मे महिन्यात रात्री अकराला भिंत का तापलेली असते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

शरीराचाही असाच एक हिशेब असतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश. भोवतीची हवा आणि भिंती त्याहून थंड असतील तर शरीर आपली उष्णता त्यांना देऊन टाकते. भिंती त्याहून गरम झाल्या की उलटा व्यवहार सुरू होतो: भिंत देते, शरीर घेते. मग घाम हा एकच मार्ग उरतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखाही फार कामाचा राहत नाही, वृद्धांना तर तो गरम वाऱ्याचा मारा ठरू शकतो. शरीराचे आतले तापमान ४० अंशांवर जाऊन मेंदूचे काम बिघडले म्हणजे उष्माघात झाला. तिथवर पोचू नये यासाठी शरीराला रोज काही तास उसंत लागते, आणि ती उसंत रात्रीची असते. गांधी दुपारी डोक्यावर ओले फडके किंवा मातीची पट्टी ठेवून काम करत. त्यांना ती रात्रीची उसंत मिळत होती ती कुटीत आणि बाहेरच्या मोकळ्या अंगणात.

पण माती सगळेच करू शकत नाही, हेही त्याच वर्षी दिसले. पावसाळा संपता संपता गांधींना हिवताप झाला आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. मीराबेन तेव्हा गांधींपासून थोड्या दूर, वरोडा गावच्या टेकाडावर झोपडी बांधून राहत होत्या. गुरूच्या सहवासाची ओढ आणि गुरूचा त्यांना दूर ठेवण्याचा आग्रह, ही ओढाताण त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत राहिली. त्यांना विषमज्वराने गाठले. विषमज्वरावर त्या काळी औषध नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल आले ते १९४८ मध्ये. तोवर तीन-चार आठवडे ताप सोसायचा, पातळ अन्न घ्यायचे आणि चांगली शुश्रूषा मिळावी अशी आशा करायची. मीराबेन त्यातून उठल्या. डासांचे डबके आणि दूषित विहीर यांच्यावर भिंतीचा काही इलाज चालत नाही. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांचा दवाखाना, मग कस्तुरबा रुग्णालय आणि १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आले, त्याची मुळे या आजारपणांच्या वर्षांत आहेत.

मातीच्या घराचे दोषही लपवण्यासारखे नाहीत. साप निघत. ते न मारता पकडून दूर सोडण्याचा चिमटा आणि पिंजरा आश्रमात अजून ठेवलेला आहे. वाळवी लागते, उंदीर पोखरतात, पहिल्या दोन-तीन पावसांत भिंतीचा पाया भिजतो. याहून गंभीर गोष्ट म्हणजे भेगा. मातीच्या भिंतीच्या भेगांत वालुमाशी राहते. बिहारमध्ये तिच्यामुळे काळा आजार पसरला, आणि आपल्याकडे नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने १९६५ पासून ओळखला जाणारा मेंदूज्वराचा विषाणूही तीच पसरवते. तो लहान मुलांना काही तासांत नेऊ शकतो. म्हणून भेगा बुजवणे, लिंपणे आणि सारवणे हा घराच्या शोभेचा प्रश्न नाही. हे काम दरवर्षी करावे लागते आणि ते नेहमी बायांच्या वाट्याला येते. मातीची घरे गावोगाव का सुटली, याचे एक कारण हे आहे. लोक आळशी झाले म्हणून नव्हे, तर बायांना त्या कष्टांतून सुटायचे होते म्हणून. पक्के घर म्हणजे पावसात न गळणारे, सापाला थारा न देणारे घर. ही इच्छा योग्यच होती. फक्त माती गेली तेव्हा तिच्याबरोबर ओसरी, जाड भिंत आणि कवेलूही गेले, आणि त्यांच्या जागी चार-सहा इंची ब्लॉक आणि उघडा स्लॅब किंवा पत्रा आला. घरकुलाच्या २५ चौरस मीटरमध्ये भिंत जाड करायला जागा कुठून काढायची, हा प्रश्न घर बांधणाऱ्याला पडतोच.

बारीक भिंतीतही उष्णता अडवता येते, हे जगाने वेगळ्या वाटेने शोधले. कॅनडात वेर्नर ग्रेगोरी नावाच्या कंत्राटदाराने १९६६ मध्ये एका साच्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. नेहमी काँक्रीट ओतताना लाकडी किंवा लोखंडी फळ्या लावतात आणि ते घट्ट झाल्यावर काढतात. इथे फळ्यांच्या जागी थर्मोकोलसारख्या फेसाचे जाड ठोकळे लावायचे, मध्ये सळ्या बांधून काँक्रीट भरायचे आणि ठोकळे कायमचे तसेच ठेवायचे. याला इन्सुलेटिंग काँक्रीट फॉर्म म्हणतात. घट्ट काँक्रीटच्या तुलनेत थर्मोकोलमधून उष्णता सुमारे चाळीस पट हळू जाते. त्यामुळे फूटभर जाडीची अशी भिंत हिवाळ्यात घराची ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि उन्हाळ्यात ऊन आत येऊ देत नाही. सळ्यांच्या सलग काँक्रीटमुळे ती मजबूतही असते. पण थर्मोकोल जळतो, तेव्हा त्यावर दोन्ही बाजूंनी चांगला गिलावा किंवा तसेच आवरण अनिवार्य आहे. मुंग्या आणि उंदीर त्यात घर करतात. आणि खोलीतला स्वयंपाकाचा धूर, माणसांची ऊब आणि दमटपणा बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर तेच घर आतून कोंदते. वातानुकूलन असलेल्या घराला ही भिंत उत्तम साथ देते. वीज सहा तास जाणाऱ्या खेड्यात मात्र रात्री खिडक्या उघडणे आणि छपरावर सावली करणे यांना पर्याय नाही. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छतातूनच येते. स्लॅबवर दरवर्षी पांढरा चुना मारणे आणि पश्चिमेच्या भिंतीपुढे मांडव किंवा झाड असणे, हे खर्चाच्या मानाने फार मोठे काम करते.

या दोन टोकांच्या मधला रस्ताही एका इंग्रजानेच दाखवला, आणि त्याचेही धागे गांधींपर्यंत जातात. लॉरी बेकर हा तरुण वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना मुंबईत अडकला. तिथे झालेल्या भेटीत गांधींनी त्याला सुचवले की घराचे सामान पाच मैलांच्या परिघातले असावे. बेकर भारतातच राहिले, कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालये बांधली, एका डॉक्टर स्त्रीशी लग्न केले आणि पुढे केरळमध्ये विटा काठावर उभ्या रचून आत पोकळी सोडणारी भिंत रूढ केली. याला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. विटा सुमारे एक चतुर्थांश वाचतात आणि पोकळीतली कोंडलेली हवा उष्णता अडवते. साधा गवंडी हे काही दिवसांत शिकू शकतो.

मीराबेन पुढे घरबांधणीत राहिल्या नाहीत. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधींबरोबर त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले गेले. तिथे त्यांनी महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे मृत्यू पाहिले. १९४४ मध्ये सुटका झाल्यावर त्यांचे पाय हिमालयाकडे वळले. मैदानातला उन्हाळा त्यांच्या प्रकृतीला कधीच मानवला नव्हता. ऋषिकेशजवळ पशुलोक, मग भिलंगणा खोऱ्यातला गोपाल आश्रम असे त्यांचे मुक्काम होत गेले. तिथे त्यांच्या लक्षात आले की डोंगरावरचे बांज वृक्ष जाऊन चीडच्या झाडांचा पसारा वाढतो आहे, त्यामुळे झरे आटतात आणि पूर वाढतात. पर्यावरण हा शब्द सरकारी कागदांत रुळण्याच्या कितीतरी आधी त्यांनी हे लिहून ठेवले. गांधी २५ ऑगस्ट १९४६ ला सेवाग्राममधून दिल्लीकडे निघाले ते परत आलेच नाहीत, आणि त्या कुटीत पुन्हा कुणी राहिले नाही.

१९५९ मध्ये मीराबेननी हिंदुस्थान सोडला. थोडा काळ इंग्लंडमध्ये राहून त्या व्हिएन्नाजवळच्या एका खेड्यात स्थिरावल्या. बेथोव्हन ज्या रानातून हिंडत असे त्याच भागात. गांधींवर चित्रपट काढणाऱ्या रिचर्ड ॲटनबरो यांनी त्यांची भेट घेतली होती, पण चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, २० जुलै १९८२ ला, त्या वारल्या. वय ८९. सेवाग्रामच्या मातीच्या भिंतींवर दरवर्षी नवा लेप चढतो, आणि मीराबेनच्या ताडांच्या व मोराच्या कडा जपून सारवाव्या लागतात.